कडीच्या बाहेरचे हात

“घेऊ नका, बाई. तुमच्या कामाचं नाई.”

असं म्हणणारा माणूस विक्रेता होता, हे आधीच सांगून टाकते. पत्र्याची पेटी उघडायची, आतली एकेक वस्तू धोतराच्या सोग्याला पुसून टेबलावर मांडायची, ती मशिनीला कशी लावायची ते दाखवायचं, आणि समोरच्या बाईचा हात पुढे आला की हे वाक्य म्हणायचं. म्हणताना ते आपल्याकडे बघतही नसत. वस्तू पेटीत परत ठेवायला त्यांची सुरुवात झालेली असे. विकून विकून दमलेले विक्रेते तुम्हीही पाहिले असतील. न विकून दमलेला मी हा एकच पाहिला.

मी तेव्हा कुरखेड्याला सरकारी शिवणवर्गाची बाई होते. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. गडचिरोली हा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच मोडायचा. वडशाला छोट्या रुळांच्या गाडीतून उतरायचं आणि तिथून जंगलातल्या रस्त्याने, मिळेल त्या खाचरात, म्हणजे बैलगाडीत, नाहीतर लाकडाच्या ट्रकमध्ये बसून कुरखेडं गाठायचं. पावसाळ्यात सती नदी भरली की तेही बंद. माझं माहेर वर्ध्याकडचं. नवरा गेल्यावर नोकरी धरली, आणि जिथे कोणी जायला तयार नव्हतं तिथे मला पाठवलं. वर्ग एका धानाच्या रिकाम्या कोठारात भरे. मशिनी मोजक्याच होत्या आणि त्यातली एखादी कायम आजारी असे. मलाही तिच्यासारखं आजारी पडून राहावंसं वाटे, पण माझ्यासाठी वडशाहून कोणी आलं नसतं.

मशिनीसाठी मात्र हे विक्रेते येत. वडशाला निरोप गेला की आठवड्या-पंधरवड्यात भाऊ सायकलवर हजर. सगळे त्यांना मशीनवाले भाऊ म्हणत. उंच, पाठीत वाकलेले, टाचा भेगाळलेल्या, मिशी अर्धी पांढरी. घराणं ढिवराचं, तलावावर मासे धरणारं. तरुणपणी नागपूरला एका शिंप्याच्या दुकानात राहिले आणि तिथून मशिनीची विद्या घेऊन आले. दुरुस्ती करायची आणि जोडीला नागपूरच्या एका दुकानाचं सुटं सामान विकायचं, असा त्यांचा धंदा. मशीन उघडण्याआधी ते तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ नुसते बसत. मला वाटे, नाडी बघताहेत. एकदा विचारलंच, तर म्हणाले, “नाई बाई, दम खाऊन राह्यलो. वडशाहून सायकल हाणत आलो ना.”

वर्गातल्या बायका त्यांना चहा देत. ते घेत, पण स्वतःच्या जर्मनच्या पेल्यात. पेला पिशवीतून काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाला की बाहेर जाऊन विसळायचा आणि पिशवीत टाकायचा. आमच्या कपाला त्यांनी कधी हात लावला नाही. ढिवराच्या घरात एवढं सोवळं कुठून आलं म्हणून बायका पाठीमागे हसत. एकीने तोंडावरच विचारलं, “भाऊ, तुमचा गुरू कोन आहे?”

“बायको,” ते म्हणाले आणि त्यांनी मशिनीत डोकं घातलं.

त्यांच्या पेटीत गोधडी शिवायचं सामान होतं, त्याची थोडी ओळख करून देते. साध्या शिवणीत मशिनीचे दात कापड पुढे सरकवतात आणि टाका सरळ रेघेत जातो. गोधडीवर गोल, वेल, वळण, काही मनासारखं काढायचं असेल तर दात एका पातळ लोखंडी पत्रीने झाकायचे, नेहमीचा पाय काढून स्प्रिंगचा पाय लावायचा, आणि दुहेरी कडीत कापड ताणून बसवून ते आपल्या हाताने सुईखाली फिरवायचं. सुई जागच्या जागी वर-खाली होते, रेघ कुठे न्यायची ते आपण ठरवायचं. पेन्सिल स्थिर धरून पाटी फिरवावी तसं हे काम. दिसायला फार देखणं. बघणाऱ्या बाईला वाटतं, आज घेतलं की उद्या घरात मोरच मोर.

गावच्या मालगुजाराच्या सूनबाईंना असंच वाटलं. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली होती, पण वाड्यातली मशीन विणलेल्या झालरीखाली झाकून ठेवलेली होती. भाऊ तेल घालायला गेले तेव्हा मी तिथे होते.

“भाऊ, हे गोधडीचं सगळं ठेवून जा.”

“तुमी गोधडी शिवता का, बाई?”

“आमच्याकडे बायका आहेत शिवायला.”

“त्याइच्या हाताले काई झालं का?”

“त्यांच्या हाताला काय व्हायचंय?”

“मंग घेऊ नका. तुमच्या कामाचं नाई.”

सूनबाई चिडल्या. असला माणूस दुकानदाराने ठेवलाच कसा, म्हणाल्या. त्यांनी ते सामान टपालाने मागवलं, दोनदा लावलं, आणि पुढे त्यातल्या कडीत त्यांच्या मुलाचा पोपट बसू लागला. हे ऐकून भाऊ खूश होतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, “बरं झालं. पोपटाच्या कामी तं आली.”

‘हाताले काई झालं का?’ हा प्रश्न ते प्रत्येकीला विचारत, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मला ती विक्रेत्याची लकब वाटली. कोणाची लकब ‘म्हणजे कसं’ असते, कोणाची ‘काय समजलं’, तशी यांची ही.

पुढच्या वर्षी वरच्या कचेरीतून पार्सल आलं. पत्री, स्प्रिंगचा पाय, कडी, सगळं नवंकोरं. सोबत हुकूम, की ग्रामीण भागातल्या गोधडीत सुधारणा करावी, पर्यवेक्षिका बाई पाहायला येतील. सुधारणा करायला आमच्या गोधडीचं काय बिघडलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. धान निघालं की इथल्या बायका अंगणात बसतात आणि बोलता बोलता हाताने गोधडी पुरी करतात. पण हुकूम तो हुकूम. सामान बसवून द्यायला मी भाऊंना बोलावून घेतलं.

वर्गात एक वयस्क बाई होती, तिला सगळ्या मोठीबाई म्हणत. तिचा टाका सगळ्यांत नेटका, म्हणून मशिनीवर मी तिला बसवलं. पर्यवेक्षिका बाई खुर्चीवर, हातात चहा. मोठीबाईने कडी फिरवायला घेतली. रेघ कुठेही जाऊ लागली, फूल काढायचं होतं तिथे बटाटा झाला, आणि बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तोपर्यंतही ठीक होतं. कोपऱ्यावर आल्यावर टक्कन आवाज झाला. सुई मोडली आणि तिचा तुकडा उडून पर्यवेक्षिका बाईंच्या चहात पडला.

“कापडात काय आहे?” बाईंनी विचारलं.

“धान,” मोठीबाई म्हणाली.

“धान कशाला?”

“मंग गोधडी काय उपाशी ठेवाची?”

आमच्याकडे असं आहे. गोधडीचा शेवटचा कोपरा मिटवायच्या आधी त्यात चिमूटभर धान ठेवतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही म्हणतात. हाताने शिवणारीला बोटाखाली दाणा लागतो, ती सुई बाजूने काढते. मशिनीला पोट नाही, तिला काय कळणार. मोठीबाईने सवयीने सगळं धान आधीच भरून ठेवलं होतं.

बाई गेल्या. वर्ग हसून हसून मोकळा झाला. मी एकटी कपाळ धरून बसले होते, कारण अहवाल मला लिहायचा होता. भाऊ मात्र हसले नव्हते. मोडलेली सुई काढता काढता ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “म्हनजे कोपरा सोडून शिवा लागन. कोपरा मागून हातानं.”

सामान आवरताना ते घुटमळले. “बाई, हे कडी तुमी वापरनार नाई आता. मले द्याल का? माझी वाकली.”

“तुमच्या पेटीत कडीची जागा कायम रिकामी असते, भाऊ. कोणाला विकता?”

“विकत नाई. घरी लागते.”

ती तशीही कोणी वापरणार नव्हतं. मी देऊन टाकली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि पेटीत न ठेवता बंडीच्या आत, छातीशी धरली. लोखंडाची कडी अशी कोण नेतं?

त्या हिवाळ्यात मी सुटीला माहेरी निघाले होते. ट्रक रस्त्यात बंद पडला आणि वडशाला पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली. दुसरी गाडी संध्याकाळची होती. स्टेशनावर बसून काय करायचं, म्हणून भाऊंचं घर विचारत तलावाकडे गेले. शेवटचं घर, पुढे बांधाची पाळ आणि पाणी. मला लांबूनच बघून भाऊ लगबगीने खाट घेऊन बाहेर आले आणि ती चिंचेखाली टाकली.

“इथीच बसा, बाई. घरात धूर आहे.”

धूर कुठे दिसत नव्हता. पाणी त्यांनी शेजारच्या घरून आणलं, शेजारणीच्या लोट्यात. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. आमच्या कपात चहा घेत नाहीत, आणि आपल्या घरचं पाणीही देत नाहीत. एवढी मी कोण वाईट? तेवढ्यात आतून आवाज आला.

“कोन आलं? कुरखेड्याच्या बाई का? मंग आत काऊन नाई बसवत?”

“धूर आहे,” भाऊ म्हणाले.

“कुठी आहे धूर? चूल तं पेटलीच नाई. या हो बाई, उंबरठ्यावर बसा. अन् तुमी या, उजेड आहे तवर चाक फिरवा.”

मी उंबरठ्याशी गेले. आत जमिनीवर हाताने चालवायची मशीन होती आणि तिच्यामागे भाऊंची बायको बसली होती. कुंकू मोठं, डोळे हसरे. भुवया नव्हत्या. हाताची बोटं आत वळलेली होती आणि काही अर्धीच उरली होती. मी दोन पावलं मागे सरले. मला भीती वाटली. तेव्हा त्या रोगाचं नावही कोणी घरात घेत नसे. तिने ते पाहिलं आणि तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

“तिथीच बसा,” ती म्हणाली. “म्या उठत नाई.”

भाऊ खाली मान घालून मशिनीच्या उजव्या बाजूला बसले आणि चाक फिरवू लागले. तिने दोन्ही तळहातांनी कडी धरली. आमच्या वर्गाची कडी. तिच्यावर आता जुन्या धोतराच्या चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या होत्या, घसरू नये म्हणून. कापड सुईखालून फिरू लागलं. जाळ्याच्या डोळ्यांसारखी नक्षी पडत होती, एका डोळ्यातून दुसरा. मध्येच ती “हळू” म्हणे, मध्येच “थांबा” म्हणे, आणि भाऊंचा हात तेवढ्यापुरता चाले किंवा थांबे. हाताची मशीन चालवायला एक हात चाकावर लागतो, आणि कडी फिरवायला दोन. म्हणून ही गोधडी दोघांनी शिवायची.

“बोटाले काई समजत नाई बाई आता,” ती म्हणाली. “हातानं शिवत होतो तं सुई आरपार जाये. कापडावर रगत दिसे तवा समजे. यानं हे कडी आनली. सुई आत, हात कडीच्या भायेर. आता कुठी टोचत नाई.”

भाऊ पहिल्यांदाच वर बघून बोलले. “पत्री लावली तं दात कापड धरत नाई, नुसत्या तळहातानं सरकते. स्प्रिंगचा पाय असला तं जाड गोधडी अडत नाई. हे सारं कामाचं आहे, बाई. लई कामाचं आहे.” मग म्हणाले, “म्हनून तं कोनाले घेऊ नका म्हनतो. ज्या घरी हे लागते तसं घर कोनाचं होऊ नये, असं वाटते मले.”

इतके दिवस मी त्यांच्या पेल्याला हसत होते. ते आम्हाला जपत होते.

कोपरा आला तेव्हा तिने कडी उचलली. “आता तुमी करा.” भाऊंनी सुपातून चिमूटभर धान घेतलं, कोपऱ्यात ठेवलं आणि दाभणासारख्या सुईने तो हाताने मिटवू लागले. मशिनीचं पोट खोलून जोडणारा माणूस, पण त्यांचे टाके असे लांब लांब, की माझ्या वर्गातली नवी मुलगीही लाजली असती.

“पाहा बाई,” ती म्हणाली. “गोधडी शिवते का जाळं सांधते, तेच समजत नाई.”

ती गोधडी कोणासाठी, ते मग तिनेच सांगितलं. एकुलती मुलगी, कुरखेड्याच्या पलीकडच्या गावात दिलेली. लग्नानंतर आईच्या हातावर रोग दिसू लागला आणि मुलीचं येणं-जाणं सासरच्यांनी तोडलं. भाऊ एकदा लुगडं घेऊन गेले, तर त्यांना गोठ्याशी बसवलं आणि ते लुगडं त्यांच्यादेखत कुंपणापलीकडे टाकलं. आता मुलीला दिवस गेले होते. पहिल्या नातवंडाची गोधडी आजोळहून जायची, ही रीत.

“आमच्या घरची म्हनलं तं थे घेनार नाई,” ती म्हणाली. “अन् बाई, माह्यं एकबी लुगडं याच्यात नाई लावलं. सारं बाजारचं कापड आहे, उकळून घेतलं. म्या तं नुसती कडी धरतो. धागाबी हेच ओवते.”

आईच्या लुगड्याशिवायची गोधडी मी तोवर पाहिली नव्हती.

मृगाच्या तोंडावर भाऊ न बोलावता कुरखेड्याला आले. चांगल्या चालणाऱ्या मशिनींनाही त्यांनी तेल घातलं. मग वर्ग सुटल्यावर सायकलचं गाठोडं सोडलं. गोधडी स्वच्छ धुतलेली, उन्हाचा वास येणारी.

“वर्गातली म्हनून देजा, बाई. आमचं नाव नका घेऊ.”

“देईन.”

“पोरीले नाई सांगितलं तरी चालन. फक्त घेतली का नाई, तेवढं मले समजलं पायजे. आता पानी लागन, रस्ता बंद होईन. दसऱ्याले येतो. तवा सांगजा.”

श्रावण संपता संपता बाळंतपणाची बातमी आली. मुलगा झाला होता. पाऊस जरा उघडला तेव्हा मी धानाच्या बांधांवरून घसरत, चिखल तुडवत त्या गावी गेले. वर्गातर्फे बाळंतिणीची विचारपूस, असं निमित्त सांगितलं. सरकारी बाई म्हणून मला ओसरीवर चटई मिळाली. सासू तरतरीत होती, धारदार बोलणारी. तिने गोधडी उलगडली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“मशीनीची आहे,” ती म्हणाली. “चांगली आहे. वर्गातच शिवली?”

“हो.”

“अन् हा कोपरा कोनं शिवला? हात आहे का पाय?”

“शिकाऊ माणसाने,” मी म्हणाले.

सासू हसली आणि गोधडी घेऊन आत गेली. तिने ती स्वतः घडी करून बाळाखाली घातली. थोड्या वेळाने मला आत बोलावलं आणि ती काढा आणायला चुलीकडे वळली. बाळंतीण खाटेवर होती. अगदीच पोरवय. तिने बाळाला थोपटता थोपटता हात त्या कोपऱ्यापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला.

“हे बाबाचे टाके आहेत, जाळं सांधल्यावानी,” ती हळूच म्हणाली.

मी दाराकडे बघितलं. चुलीशी भांडी वाजत होती.

“माह्या लग्नाच्या वाकळीचा कोपरा मायनं शिवला होता. बाबाले ते हातबी नाई लावू देये.” तिचा आवाज अजिबात हलला नाही. “म्हनजे मायचा हात गेला.”

सासू काढा घेऊन आली. मुलीने तोंड भिंतीकडे केलं, ती दमली आहे असं सासू म्हणाली, आणि मी उठले.

परत येताना वाटभर मी भाऊंना काय सांगायचं ते जुळवत होते. घेतली. सासूने स्वतःच्या हाताने घडी केली. बाळ तिच्यावर निजलं आहे. मुलीने ओळखली. हे शेवटचं सांगावं की नाही, ते ठरत नव्हतं. दसऱ्याला बघू म्हटलं.

दसऱ्याला ते आले नाहीत. सती उतरली, खाचरं चालू झाली, एक मशीन दोरा तोडू लागली, तरी आले नाहीत. मग एक पॅन्टवाला तरुण आला. त्याच्याकडे तीच पेटी, तेच सामान, कडीच्या जागी कडी. सगळं किती कामाचं आहे ते तो न थांबता सांगत होता आणि बायका घेतही होत्या. आधीच्या भाऊंचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं.

दिवाळीला जाताना मी वडशाला मुद्दाम तलावाकडे गेले. दाराला कुलूप, खाट चिंचेला टेकवून उभी. शेजारीण बाहेर आली. पावसाळ्यात बाईच्या पायाला जखमा झाल्या, लोक तलावाच्या पाण्यावरून बोलायला लागले, आणि शेवटी तिला लांब रोग्यांच्या वसाहतीत पाठवायचं ठरलं. तिथे नवीन गोळ्या मिळतात म्हणे.

“आणि भाऊ?”

“तोबी गेला. धडधाकट मानूस. आमी म्हनलं, भाऊ, तुमाले तं काई नाई झालं, तुमी काऊन जाता? तं म्हने, मंग चाक कोन फिरवन?” शेजारणीने कुलपाकडे बघितलं. “मशीन घेऊन गेले. बाकी सारं इथीच आहे.”

मी स्टेशनावर परत आले. जवळ असलेलं सामान कुणाला द्यायचं राहून गेलं की कसं होतं, तसं मला गोधडी घेतल्याची ती बातमी घेऊन फिरताना होत होतं. वसाहतीचा पत्ता शेजारणीला नीट ठाऊक नव्हता, नुसतं गाडीचं शेवटचं स्टेशन माहीत होतं. सुटीवरून आल्यावर बाजाराच्या दिवशी मुलगी मला दिसली, सासूपासून चार पावलं मागे, डोक्यावर टोपली. वांगी बघायच्या निमित्ताने मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. स्टेशनाचं नावही सांगितलं. तिने ऐकलं, टोपली सारखी केली आणि निघून गेली. मला वाटलं, झालं, एवढंच व्हायचं होतं.

नंतर मोहाची फुलं पडायच्या दिवसांत मी कचेरीच्या कामाने वडशाला गाडीची वाट बघत बसले होते. फलाटाच्या टोकाला, उन्हात, एक बाई उभी होती. कडेवर पोर, पोर गोधडीत गुंडाळलेलं. जवळ गेले तर तीच.

“एकटीच?”

“हो, बाई.”

“सासूबाईंना सांगून आलीस?”

“सांगून आलो.”

“काय म्हणाल्या?”

“म्हने, गेली तं परत येऊ नको.”

लहान पोराला तिथे न्यावं का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तिला तो प्रश्न आधीच कितीजणांनी विचारला असेल, म्हणून गिळलं.

“मग पुढे गं?”

“पुढचं नाई माहीत.” तिने पोराच्या तोंडावर गोधडीची सावली धरली. “बाबा वाट पाहून राह्यला असन ना बाई, घेतली का नाई म्हनून. त्याले कोनी सांगितलंच नाई.”

तिची, चांद्याकडची गाडी आली. ती चढेपर्यंत पोर माझ्याकडे होतं, झोपेने जड झालेलं. मी ते खिडकीतून तिच्या हातात दिलं. गाडी हलली तेव्हा ती पोराला पाजायला बसली होती. माझी गाडी उलट्या दिशेची होती आणि तिला अजून बराच वेळ होता.